भोंगा बोलला नाही म्हणजे

माझ्या खोलीत एक चांगली फिरती खुर्ची आहे, पण तिच्यावर मी क्वचितच बसते. तिच्याभोवती फिरते, खिडकीपाशी जाते, परत येते, उभ्यानेच दोन ओळी लिहिते आणि पुन्हा चालू लागते. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. नोकरी पुण्यातल्या कंपनीची आणि बसणं बीडमध्ये, भाड्याच्या खोलीत, कारण गावात नेट धड चालत नाही. कंपनीकडे पर्ल नावाच्या जुन्या भाषेतले प्रोग्राम आहेत. लिहिणारे कधीच परदेशी निघून गेले आणि निस्तरायला मी उरले. त्या भाषेचा मला राग नाही. लिहून पळून जाणाऱ्यांचा आहे.

माझं काम सांगायला सोपं आहे. प्रोग्राम जे काही छापतो, ते बाहेर पडू न देता मधल्या मधे झेलायचं आणि हवं तेच आहे का ते अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. पर्लमध्ये हे झकास जमतं. प्रोग्रामला वाटतं आपण जगाशी बोलतोय, आणि त्याचं बोलणं पडतं माझ्या एका भांड्यात. जुळलं तर खाली ‘ओके’ येतं, नाही जुळलं तर ‘नॉट ओके’. दिवसभर मी ओके मोजते आणि संध्याकाळी उगाच चिडलेली असते.

आमचं गाव नेकनूरच्या पलीकडे, ओढ्याच्या अल्याड. नेकनूरहून यायचं तर ओढ्यावरची फरशी ओलांडावी लागते. फरशी म्हणजे कठडे नसलेला, जमिनीलगतचा बुटका पूल. वर्षातले अकरा महिने तिच्यावर शेळ्या बसलेल्या असतात. पण पाऊस वर डोंगरात पडतो, गावात ऊन असतं, आणि ओढा न सांगता येतो. गेल्या वर्षी परतीच्या पावसात राधाकिशननं, आमच्या शेजाऱ्यानं, त्या पाण्यात मोटरसायकल घातली. मोटरसायकल गेली ती गेलीच. राधाकिशन खालच्या अंगाला एका बाभळीला मिठी मारून बसलेला सापडला. त्याच्या पायात सळई आहे, आणि त्या बाभळीला तो अजून दर अमावस्येला नारळ फोडतो.

त्यानंतर गावाला वाटलं, काहीतरी करायला पाहिजे. मी म्हटलं, मी करते. वर पाझर तलावाच्या सांडव्यापाशी पाण्याची उंची मोजणारं एक यंत्र बसवलं. ते सिमकार्डावरून आकडा पाठवतं. आकडा येतो महादेवाच्या देवळाशेजारच्या खोलीत, तळहाताएवढ्या संगणकावर. तिथे माझा पर्लचा प्रोग्राम बसलेला असतो. पाणी खुणेच्या वर गेलं की तो ‘थांबा’ अशी एक ओळ छापतो, आणि पाणी उतरेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने छापत राहतो. ती ओळ दुसऱ्या एका प्रोग्रामच्या कानात पडते. त्याचं काम एकच, ओळ ऐकू आली की देवळाच्या भोंग्यावर भामाबाईचा आवाज लावायचा.

भामाबाईचाच का, हे गावात कुणी विचारलं नसतं. तिनं आपल्या रानातून हाक मारली तर तिसऱ्या शिवारातला माणूस मागे वळून बघतो. शिवाय तिच्या आवाजात जरब आहे. तिनं थांब म्हटलं की बैल थांबतात आणि सरपंचही थांबतात. आम्ही दार लावून घेऊन तिचा आवाज भरला. आधी ती तीनदा ‘इडापिडा टळो’ म्हणाली, मग बोलली, “ऐका. वढ्याला पानी आलंय. फरशीवर कुनी पाय घालू नका. थांबा.” आणि लगेच उंबऱ्याबाहेर जाऊन मीठ टाकून आली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पुढे काय वाढून ठेवलंय ते.

आरतीनंतर सगळे देवळापुढे बसले होते. मी म्हणाले, उद्या सकाळी एकदा वाजवून बघते.

आप्पा, म्हणजे माझे वडील भीमाशंकर, पायरीवर बसले होते. त्यांचं गावात किराणा दुकान आहे, आणि वाईट शब्दाशी त्यांचं जन्माचं वैर आहे. आमच्या घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. दुकान बंद होत नाही, वाढवलं जातं. बांगडी फुटली तर आई ‘वाढवली’ म्हणते. मी लहानपणी एकदा तापात ‘मरते आता’ म्हणाले, तर आप्पांनी माझ्या तोंडावर हात ठेवला तो ताप उतरेपर्यंत काढला नाही, असं आई सांगते.

“कावून?” आप्पा म्हणाले. “पानी आलं न्हाई, तर पानी आलं म्हनायचं कावून?”

“तपासायला, आप्पा. पाणी आलंय असं समजून एकदा सगळं चालवून बघायचं.”

“म्हंजी खोटं. देवळाच्या भोंग्यावरून, महादेवाच्या म्होरं, गावावर पानी आलं म्हनून वरडायचं. वास्तू तथास्तु म्हनत असती, बाई. शुभ बोल नाऱ्या, तसलं झालं हे.”

लोक हसले, पण माना त्यांच्याच बाजूने हलल्या. परमेश्वर गुरवानं तर देवाकडे बघून कानाला हात लावले. मी एकटी उभी. त्या म्हणीतला नाऱ्या शुभ बोल म्हटल्यावर म्हणतो, मांडवाला आग लागली. सगळे त्यालाच हसतात. मांडवाला आग खरंच लागली होती का, हे कुणी वळून बघितल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला राग आला, पण वडिलांशी चारचौघांत वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. मी तडजोड काढली. म्हटलं, बोलू न देता तपासते. प्रोग्राम बोलेल, पण त्याचं बोलणं बाहेर येणार नाही, मी आतल्या आत पकडीन.

“म्हंजी मनातल्या मनात?” आप्पांनी विचारलं.

“हो. तसंच.”

“मग चालंल,” ते म्हणाले. “मनातल्याला वास्तू न्हाई ऐकत.”

आणि मी तसंच केलं. प्रोग्रामला खोटे आकडे दिले, त्याचं छापणं भांड्यात झेललं, ताडून बघितलं. खुणेच्या खाली पाणी असताना गप्प. ओके. वर गेलं की ‘थांबा’. ओके. उतरलं की पुन्हा गप्प. ओके. मग तो पडद्यावर नुसता चालवून बघितला, तिथेही ओळ झटक्यात आली. भोंगा आरती लावून बघितला, तो चांगला खणखणीत. भामाबाईचा आवाज कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकला, तोही स्वच्छ. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी चोख होती. नव्हतं बघितलं ते एवढंच, की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पडतं का. भामाबाईच्या आवाजाच्या जागी आरती ठेवून तेही बघता आलं असतं, पण हे मला सुचलं ते सगळं होऊन गेल्यावर. वरातीमागून घोडे.

मग ओढ्याला पाणी येईना. आषाढ गेला, श्रावण गेला. आणि गावाला एक नवी सवय लागली. नेकनूरकडून येणारा माणूस फरशीच्या काठावर गाडी बंद करायचा, कान द्यायचा, आणि काही ऐकू आलं नाही की गाडी चालू करून फरशीवर घालायचा. आधी लोक पाण्याकडे बघायचे. आता देवळाकडे कान लावायचे. आप्पा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, “भोंगा बोलला न्हाई म्हंजी रस्ता मोकळा. माझ्या कावेरीनं केलंय ते.” हे ऐकून मला बरं वाटायचं. तरी एका जागी बसवायचं नाही. मी उठून खोलीत चकरा मारायचे.

भाद्रपदातला नेकनूरच्या बाजाराचा दिवस होता. बीडमध्ये दिवसभर उकडत होतं. दुपार कलल्यावर दक्षिणेला डोंगरावर आभाळ दाटलं, पण आमच्याकडे थेंब नाही. मी कामाच्या मधे मधे फोनवर ओढ्याचा आकडा बघत होते. आकडा वाढायला लागला. मी खुर्ची ढकलली आणि उभी राहिले. आकडा आणखी वाढला, आणि खुणेच्या वर गेला.

झालं, बोलला असेल भोंगा, असं मी स्वतःला सांगितलं. आणि लगेच आईला फोन लावला, कारण स्वतःच्या सांगण्यावर माझा विश्वास नव्हता.

“आई, भोंगा वाजला ना?”

“न्हाई बा. कावून?” आईच्या मागे निवडणं-पाखडणं काहीतरी चालू होतं. “कसला भोंगा?”

“ओढ्याला पाणी येतंय. आप्पा कुठायत?”

“बाजाराला गेलेत. दिवा लागायच्या आत येतो म्हनले.” मग तिचा सूप टेकवल्याचा आवाज आला. “अगं, निघाले आसतील की आता.”

आप्पांचा फोन मी लावला. वाजत राहिला. तो कुठे असणार हे मला ठाऊक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत, कारण बाजारात खिसे कापतात. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आईला लावला तेव्हा ती रस्त्यावर होती, धापा टाकत.

“देवळाकडं चाललेय. मी सोता माइकवर वरडते.”

“जा. फोन चालूच ठेव.”

मी कानाला फोन धरून खोलीत उभी, आणि माझ्या कानात आईच्या चपला. मग कुलुपाचा खडखडाट. एकदा, पुन्हा एकदा.

“कुलूप हाय गं. परमेश्वर किल्ली कमरंला लावून बाजाराला गेलाय.”

“भामाबाईला हाक मार. ती नुसती ओरडली तरी ऐकू जाईल.”

“ती बी बाजारालाच गेलीय. तुज्या आप्पाच्याच मागं बसून. गाव रिकामं हाय आज.” आई रडायला आली होती, पण रडली नाही. “राधाकिशन हाय कट्ट्यावर. त्याला पळवते फरशीकडं.”

राधाकिशन, पायात सळई असलेला. फरशी गावापासून चांगली लांब. आणि तो पोचला तरी अल्याडच्या काठावर, पाण्याच्या आवाजात त्याचं ओरडणं पल्याड जाणार नाही. हे सगळं मला एकदम दिसलं, आणि त्याहून वाईट एक दिसलं. आप्पा पल्याडच्या काठावर येणार, स्कूटर बंद करणार, मान तिरकी करून कान देणार. भोंगा बोलत नाहीये. म्हणजे रस्ता मोकळा. माझ्या कावेरीनं केलंय ते.

मी हे यंत्र केलंच नसतं, तर त्या माणसानं निदान पाण्याकडे बघितलं असतं.

फोन स्पीकरवर टाकून मी तो टेबलावर ठेवला आणि देवळातल्या संगणकात इथून शिरले. प्रोग्राम चालू होता. आकडा घेत होता. त्यानं चालू राहायचं सोडून सगळं करावं अशी माझी इच्छा होती, निदान कुठे बिघडलंय ते कळलं असतं. मी चाचण्या चालवल्या. ओके. ओके. ओके. सगळ्या ओके. आयुष्यात मला त्या शब्दाचा एवढा संताप आला नव्हता. तिथेच तोच प्रोग्राम आणखी एकदा, वेगळा, पडद्यावर चालू केला, आत्ताचाच आकडा देऊन. त्यानं तत्काळ छापलं, ‘थांबा’. माझ्या डोळ्यांसमोर. आणि टेबलावरच्या फोनमधून येत होता देवळापुढचा शुकशुकाट, कावळे, आणि आई कुणाला तरी म्हणत होती, महादेवा, महादेवा.

“आई, अजून नाही?”

“न्हाई गं. काईच न्हाई.”

मी खुर्चीला लाथ मारली. ती भिंतीवर जाऊन आदळली आणि गोल फिरत राहिली. खालून घरमालकीण बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मला आप्पांचा राग आला होता, इतका की तोंडात कडू चव आली. वास्तू तथास्तु म्हणते म्हणे. वाईट बोलायचं नाही, तपासायचं नाही, मनातल्या मनात सगळं. आणि माझा स्वतःचाही राग आला, की मी त्या दिवशी पायरीसमोर उभी राहून, चारचौघांत, आप्पा तुमचं चुकतंय एवढं म्हणू शकले नाही. तोंडाशी आलेलं गिळलं आणि त्याला तडजोड म्हटलं.

आकडा अजून वाढत होता. मला दुसरं काही सुचेना तेव्हा मी तेच केलं जे टीव्ही दुरुस्त करणारा करतो आणि पंखा दुरुस्त करणाराही करतो. बंद करून चालू करायचं. देवळातल्या प्रोग्रामला मी थांबायला सांगितलं.

हा प्रोग्राम सभ्य होता. थांब म्हटलं की तसाच मरून पडायचं नाही, आवरून-सावरून मग जायचं, असं त्याला मीच शिकवलेलं होतं. मी बटण दाबलं, आणि टेबलावरचा फोन फाटल्यासारखा झाला.

“ऐका. वढ्याला पानी आलंय. फरशीवर कुनी पाय घालू नका. थांबा.”

भामाबाई. पूर्ण आवाजात. आणि संपते न संपते तोच पुन्हा, “ऐका. वढ्याला पानी आलंय.” आणि पुन्हा. आणि पुन्हा. मधे श्वास घ्यायला जागा नाही. आई फोनवर काहीतरी ओरडत होती ते ऐकूच येईना. मी दोन्ही हात टेबलावर टेकवून उभी होते आणि माझे पाय, जन्मात पहिल्यांदा, जागचे हलत नव्हते.

मग कळलं. पर्लची एक जुनी खोड आहे, मला पुरती माहीत असलेली. समोर पडदा असला, माणूस वाचत असला, की ओळ झाली रे झाली तो लगेच बोलतो. माझ्या भांड्यात बोलायचं असलं तरी लगेच बोलतो. पण समोर दुसरा प्रोग्राम असला की काटकसर सुचते. एकेक ओळ कशाला पाठवायची, पाटी भरली की एकदम ओतू. ‘थांबा’ एवढ्याशा शब्दानं ती पाटी भरायला कित्येक दिवस लागले असते. पाणी खुणेच्या वर गेल्यापासून प्रोग्राम बोलतच होता. पुन्हा पुन्हा बोलत होता. सगळं त्याच्या तोंडात साचलेलं, बाहेर काही नाही. थांब म्हटल्यावर, जाता जाता, त्यानं ते सगळं एकदम ओकलं.

ही खोड मोडायला एक ओळ लागते. डॉलरचं चिन्ह, त्याला लागून एक उभी रेघ, मग बरोबरचं चिन्ह आणि एकचा आकडा. लहान पोराच्या पाटीवर मावेल एवढी. ती ओळ मी अगदी वर लिहिली आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. थोड्याच वेळात भामाबाई पुन्हा बोलली, एकदाच, वेळेवर. मग आईचा फोन मधे मधे थांबवून मी आप्पांचा फोन लावत राहिले. वाजत राहिला. वाजत राहिला. आईला विचारलं तर तिला काही माहीत नव्हतं. राधाकिशन अजून पोचला नव्हता. खिडकीबाहेर बीडचे दिवे लागत होते आणि दिवा लागायच्या आत येतो म्हणून गेलेला माणूस फोन उचलत नव्हता.

मी घरभर फिरले. एकाच खोलीचं घर, फिरून फिरून किती फिरणार. पाणी प्यायला पेला उचलला आणि तसाच ठेवला. महादेवाला काही बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार, तो तर आपल्याच भोंग्याखाली कुलपात बसलेला.

फोन आला. आप्पांचा.

“कावेरी,” ते म्हणाले. त्यांच्या मागे पाण्याचा घोंगावणारा आवाज होता. “भोंगा बोलला. लई येळा बोलला.”

“कुठायत तुम्ही?” मी विचारलं.

“आमी काठावर थांबलो, कान दिला. काई न्हाई. पानी घोट्याएवढं दिसत व्हतं. म्हनलं, बोलला न्हाई म्हंजी चला. म्होरचं चाक घातलं बी पान्यात. तेवढ्यात आवाज आला. मला वाटलं, मागं बसलेली भामाबाईच बोलती. तर ती मागून माझा सदरा धरून म्हनती, भीमाण्णा, मी थांबा म्हनतेय तिकडून, थांबा. उतरली आन् स्कूटर कॅरेजला धरून मागं वडली तिनं. म्हातारीनं.” ते थांबले. “मग वरून लोंढा आला. बाभळीचं अख्खं खोड व्हतं त्यात. फरशीवरून आरपार गेलं, आमी व्हतो तिथूनच.”

“आप्पा,” मी म्हणाले. “आप्पा, तुम्ही मेला असता.”

आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. मी ते बोलून गेले आणि थांबले नाही. “तुम्ही मेला असता. भामाबाई मेली असती. तुम्ही मला बोलू दिलं नाही आणि मी बोलले नाही, आणि तुम्ही वाहून गेला असता, आणि मी इथे ओके ओके बघत बसले असते. कळतंय का तुम्हाला?”

पलीकडे पाणी घोंगावत होतं. मी वाट बघत होते ते म्हणतील, शुभ बोल, बाई. तोंडावर हात ठेवता येत नव्हता, म्हणून निदान शब्दानं ठेवतील.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “मेलो आसतो.”

भामाबाईचा आवाज मला फोनमधून ऐकू आला, खराखुरा, जवळून, “कुनाशी बोलताय? कावेरीशी का? तिला म्हनावं माझं मीठ वाया न्हाई गेलं.” आणि आप्पा हसायला गेले, आणि हसता हसता रडले. वडिलांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली जमिनीवर बसले, खुर्ची शेजारीच रिकामी असून.

त्या रात्री ते दोघं नेकनूरला एका सोयऱ्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. शनिवारी मी गावी गेले. आरतीनंतर आप्पा देवळाच्या पायरीवर उभे राहिले, जिथे बसून त्यांनी मला गप्प केलं होतं तिथेच. ते भाषण करणारे गृहस्थ नव्हेत. घसा खाकरला आणि म्हणाले, “आता दर सोमवारी हा भोंगा खोटं बोलनार. पानी नसताना पानी आलं म्हननार. ज्याला तथास्तुची भीती वाटती त्यानं त्या येळंला घरात बसून नामस्मरन करावं.”

“आन् किल्ली देवळाच्या खुटीला राहील,” आई बायकांतून म्हणाली. परमेश्वर गुरवानं खाली मान घालून कमरेची किल्ली सोडली.

कुणी हसलं नाही. भामाबाई तेवढी म्हणाली की पुन्हा आवाज भरा, घाईत भरलाय, ‘थांबा’ जरा पडेल लागलंय. सगळ्यांनी तिला गप्प केलं.

आता माझ्या चाचण्यांत शेवटची एक चाचणी आहे, जी कुठल्याच पुस्तकात बसणार नाही. बाकीच्या सगळ्या पूर्वीसारख्याच, भांड्यात झेलून ताडून बघायच्या, त्या क्षणात ओके होतात. शेवटची मात्र थांबून राहते. ती भोंग्याला खोटं बोलायला लावते आणि माझ्या उत्तराची वाट बघते. उत्तर माझ्याकडे नसतं. ते ओढ्याच्या पल्याड, स्कूटर बंद करून उभं असतं.

पहिल्या सोमवारी मी बीडच्या खोलीत फेऱ्या मारत होते. फोन वाजला.

“आलं ऐकू,” आप्पा म्हणाले. “सोच्छ आलं.”

“बरं,” मी म्हणाले आणि टेबलाकडे वळले.

“थांब, लिहू नको आजून.” ओढ्यात पाणी नव्हतं, फोनमधून शेळ्या ऐकू येत होत्या. “मी फरशीकडं बी बघतोय. कोरडी हाय. भोंगा खोटं बोलतोय हे माझ्या डोळ्यानं बघून सांगतोय तुला. आता लिही.”

मी लिहिलं, ओके. मग पलीकडे स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला, आणि फोन डिकीत टाकायच्या आधी, नेहमीसारखं, ते म्हणाले, “येतो.”

फरशी ओलांडून त्यांचा पुन्हा फोन येईपर्यंत मी उभीच होते.